गिरणाऱ्याच्या मळ्यातली सात फेऱ्यांची वाट

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये माझी ३१ वर्षं कागद मोजण्यात गेली. ती सवय अंगात मुरली आहे. जिना चढताना पायऱ्या मोजतो, देवळात प्रदक्षिणा मोजतो. तिसऱ्या श्रावणी सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी १४ वेळा केली, मग गुडघ्यांनी ती सोडायला लावली. ती सुटल्याची रुखरुख पुतणीला ठाऊक होती. ती म्हणाली, "काका, गिरणाऱ्याच्या पुढे एका मळ्यात लॅबिरिंथ केलाय. मध्यापर्यंत दीडशे मीटर आहे. काकूला घेऊन जा."

भूलभुलैयासारखं काही असेल असं समजून आम्ही दोघं गेलो. पण भूलभुलैयात वाटा फुटतात, माणूस चुकतो. इथे वाट एकच. कुठेही फाटा नाही, पाऊल पुढे टाकत राहिलं की मध्यावर पोचणारच. फ्रान्समध्ये शार्त्र गावच्या चर्चमध्ये तेराव्या शतकापासून फरशीतच अशी वाट बसवलेली आहे, ११ फेऱ्यांची, साधारण २६० मीटर लांब. आपल्याकडे हळेबीडच्या होयसळेश्वर मंदिरात अभिमन्यूच्या प्रसंगात चक्रव्यूह कोरलाय, त्याची ठेवणही याच जातीची.

मळ्यातला लॅबिरिंथ सात फेऱ्यांचा. काळ्या दगडांच्या ओळी, मध्ये मुरमाची अडीच फुटी वाट, आरपार ४० फूट. आखणी कशी करतात ते तिथल्या मुलाने काठीने मातीत काढून दाखवलं. मधोमध अधिकाची खूण, चार कोपऱ्यांत चार काटकोन, चार ठिपके. मग टोकं कमानींनी क्रमाने जोडत जायची. ही पाहत होती. तिसऱ्या कमानीला तिने मुलाच्या हातून काठी घेतली आणि उरलेलं स्वतःच पुरं केलं. ठिपक्यांची रांगोळी घालणाऱ्या हाताला ते नवीन नव्हतंच.

सात फेऱ्या म्हणजे बाहेरून आत एकेक करत जायचं, असं मी धरून चाललो होतो. पण आत शिरल्यावर आधी तिसरी फेरी लागते, मग दुसरी, मग सगळ्यात बाहेरची पहिली. मध्याकडे निघालेला माणूस आधी त्याच्यापासून लांबच जातो. मग चौथी, तिथून एकदम सातवी. सातवीत मध्य हाताच्या अंतरावर असतो, पण तिथून वाट पुन्हा बाहेर नेते, सहावीत, पाचवीत. आणि पाचवी संपते तिथे अचानक मध्य. प्रत्येक फेरीला दिशा उलटते. कपालेश्वराला सोमसूत्री प्रदक्षिणा घालताना पन्हळ न ओलांडता मागे फिरतो, तेच पायांना आठवत होतं.

चौथ्या फेरीनंतर माझी मोजणी थांबली. पावलंही नाही, फेऱ्याही नाही. असं मला याआधी कधी झाल्याचं आठवत नाही. ही समोरून आली, खांद्याला खांदा लागेल इतक्या जवळून गेली आणि लांब निघून गेली. त्या क्षणी मला माझा मोठा भाऊ आठवला. सिन्नरच्या बांधावरून आमचं दोन वर्षं बोलणं बंद होतं, आणि ते बंद असतानाच तो गेला. रामकुंडावर, दहाव्याला, तेराव्याला मी सगळं यथासांग केलं, पण डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. ते इथे, सातवीतून सहावीत वळताना आलं. मध्यावर एक सपाट दगड आहे, तिथे बसून राहिलो. परतीची वाट तीच, उलट क्रमाने. सगळं मिळून चाळीस मिनिटं लागली.

आता खटकलेल्या गोष्टी. स्पीकरवर बासरी लावून ठेवतात. ती बंद करायला सांगा, सांगितल्यावर करतात. सुरुवातीच्या माहितीत दगडांतून ऊर्जा निघते वगैरे ऐकवतात, त्याची गरज नाही. चालणं पुरेसं आहे. अनवाणी चालायचा आग्रह धरतात, पण मुरूम टोचतो. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी चप्पल काढू नये, मी स्पष्ट सांगतो. सावली अजिबात नाही, नऊनंतर दगड तापतात. व्हीलचेअर आत जाणार नाही. रविवारी गर्दीत फोटो काढणारे मध्येच थांबतात आणि एकच वाट असल्यामुळे मागचे सगळे अडकतात.

माणशी १५० रुपये, ज्येष्ठांना १००. तेवढ्यात कितीही वेळा चाला, कोणी उठवत नाही. सकाळी साडेसहाला उघडतं. बुधवारी गेलो तेव्हा आम्ही दोघंच होतो, आणि बागेवर औषध मारणाऱ्या ट्रॅक्टरचा लांबून आवाज.

येत्या बुधवारी वहिनींना घेऊन जाणार आहे. गुडघे त्यांचेही दुखतात, पण जाऊन-येऊन तीनशे मीटर होतील. विचारलं तेव्हा त्या लगेच हो म्हणाल्या.