जुना नकाशा शोधायचा: ओल्ड मॅप्स ऑनलाइन की डेव्हिड रम्सी?

एखाद्या भागाचा जुना नकाशा हवाय, पण तो कोणी काढला, कुठल्या ग्रंथालयात आहे, काहीच ठाऊक नाही. अशा वेळी मी २०१२ साली सुरू झालेलं ओल्ड मॅप्स ऑनलाइन हे संकेतस्थळ आधी उघडेन. जागा निवडायची, काळ ठरवायचा, की त्या भागाचे अनेक संस्थांकडचे नकाशे समोर येतात. शोध जागेवरून होत असल्यामुळे गावाचं नाव मधल्या काळात बदललं असलं तरी अडत नाही. मात्र मूळ नकाशा ज्या त्या संस्थेकडेच असतो. डाउनलोडचे नियमही तिचेच.

डेव्हिड रम्सी या नकाशा-संग्राहकाच्या नावाच्या संग्रहाची गंमत वेगळी. संग्रह एकच, पण ऑनलाइन नकाशे लाखाच्या वर, आणि नोंदी भरघोस: नकाशाकार, प्रकाशक, साल, मूळ अ‍ॅटलस, वर टिपाही. एका नकाशावरून त्याच अ‍ॅटलसच्या बाकीच्या पानांवर जाता येतं, आणि यात संध्याकाळ कशी जाते कळत नाही. नकाशावर छापलेले शब्दही इथे शोधता येतात. यंत्राने वाचलेली अक्षरं कधी चुकतात, आणि शब्द त्या काळच्या स्पेलिंगनेच द्यावा लागतो. तरी नोंदीत नसलेलं छोटं ठिकाण सापडतं ते याच वाटेने. मोठ्या आकाराची प्रत मोफत उतरवता येते, पण व्यावसायिक वापरासाठी वेगळी परवानगी लागते. अमेरिका खंडांचे नकाशे इथे विशेष भरपूर. इतर प्रदेशांसाठी एवढ्यावरच थांबू नये.