बासून आणि पियानो: माइक जवळ की लांब?
फ्रेंच संगीतकार सँ-साँसचा १९२१ चा बासून (खर्जातलं लांब लाकडी फुंकवाद्य) आणि पियानोसाठीचा सोनाटा (ओपस १६८) तबकडीवर घ्यायचा म्हटलं की बहुतेकजण आधी वादकाचं नाव बघतात. बघावंच. पण या जोडीच्या बाबतीत रेकॉर्डिंग कसं केलंय यावरही बरंच अवलंबून असतं. ढोबळमानाने दोन प्रकार मिळतात: कोरड्या खोलीत माइक जवळ ठेवून केलेलं, आणि चर्चमध्ये किंवा सभागृहात माइक लांब ठेवून, जागेच्या घुमाऱ्यासकट घेतलेलं.

लांबचं ऐकताक्षणी आवडतं. पहिल्या भागात पियानोचे स्वर लाटांसारखे धावतात आणि बासूनची धून त्यांवर शांतपणे चालते. घुमाऱ्यात दोघं छान मिसळतात. आणखी एक फायदा आहे. बासूनचा अगदी खालचा बी-फ्लॅट वरच्या तोंडातून येतो, पण बहुतेक स्वर अंगावरच्या उघड्या भोकांतून बाहेर पडतात. जवळच्या माइकची जागा चुकली की एक स्वर अंगावर येतो आणि शेजारचा मागे पडतो. लांबून ही उंचसखल पातळी आपोआप सारखी होते.

तरी माझा कल जवळच्याकडे आहे, आणि त्याला कारण आवाजाचं बटण. बासूनच्या खर्जात मूळ स्वर तसा दुबळाच असतो. कानाला जाणवतो तो मुख्यतः ५०० हर्ट्झच्या आसपासचा भाग. पियानोवादकाचा उजवा हातही बराच वेळ तिथेच असतो. त्यात पियानोचं झाकण पूर्ण उघडं आणि वर घुमारा, म्हणजे बासून झाकलाच जातो. शेवटच्या भागाच्या सुरुवातीचा मोल्तो अदाजिओ (अतिसंथ तुकडा) हळू आवाजात वाजतो, म्हणून आवाज वाढवावा, तर लगोलग येणाऱ्या अल्लेग्रोत (जलद तुकड्यात) पियानो दणकन आदळतो. पुन्हा कमी करा. अख्खा सोनाटा बारा-तेरा मिनिटांचा, आणि तेवढ्यात बटणावरचा हात काही निघत नाही. हेडफोनवर त्रास थोडा कमी होतो, जात नाही.

जवळच्या रेकॉर्डिंगलाही किंमत मोजावी लागते. डाव्या अंगठ्याकडेच आठ-नऊ चाव्या असतात आणि त्यांची खटखट ऐकू येते. फ्रेंच संगीतकार द्युतियेच्या 'साराबांद ए कोर्तेज' या बासून-पियानो रचनेमध्ये (१९४२) बासून एकटा वाजतो तिथे तर ती लपतच नाही. माझ्या कानाला तिची सवय होते. प्रत्येक ओळीआधी श्वास ओढल्याचा आवाज मात्र सुरांइतकाच मोठा येत असेल, तर ते रेकॉर्डिंग सोडून द्यावं.

निवडताना सोनाटाचा दुसरा भाग, अल्लेग्रो स्केर्त्सांदो, आधी लावून बघा. बासूनचे तुटक स्वर एकेक सुटे ऐकू येतायत का, की पियानोच्या डाव्या हातात मिसळून त्यांचा नुसता गुरगुराट होतोय? अर्ध्या मिनिटात कळतं. खालच्या स्वरांवर लक्ष ठेवा, वरचे बहुधा निभावून नेतात.

वाद्य कोणतं हाही प्रश्न आहेच. हा सोनाटा लेओं लतेलिए या पॅरिसच्या वादकाला अर्पण केलाय, म्हणजे कानापुढे फ्रेंच पद्धतीचं बासून होतं: नळी अरुंद, सूर थोडा नाकातला, वरच्या सप्तकात गळ्यासारखा गाणारा. बासूनवादक मोरिस आलार हे त्या परंपरेतलं ठळक नाव. हेकेल पद्धतीचं जर्मन बासून जास्त गोल आणि एकसारखं वाजतं. फ्रेंच वाद्याची ही खासियत लांबच्या माइकला फारशी सापडत नाही, असं मला वाटतं.

जर्मन संगीतकार हिंडेमिटच्या १९३८ च्या बासून सोनाटाला हा हिशोब तितकासा लागू पडत नाही. तिथे पियानो बरोबरीचा भागीदार आहे, आणि जवळच्या माइकवर तो कधीकधी उगाच मागे ढकलल्यासारखा वाटतो. तबकडी मुख्यतः हिंडेमिटसाठी घेत असाल तर लांबचं घ्यायला हरकत नाही. फक्त घुमारा माफक आहे ना, ते बघून घ्या.