ब्रा न घालता बाहेर पडताना: सिलिकॉनची निपल कव्हर आणि दोन पर्याय

ब्रा नकोशी का वाटते, याचं कारण प्रत्येकीचं वेगळं असतं. कुणाला छातीखालचा पट्टा काचतो, कुणाला घामाने पुरळ येतं, तर कुणाला ती घालायचं कारणच पटत नाही. उलट ज्यांचे स्तन जड आहेत त्यांतल्या अनेकींचे ब्रा काढल्यावर खांदे आणि पाठ भरून येतात, त्यांना आराम ब्रानेच मिळतो. घरी येताक्षणी हुक सोडणारी आणि झोपतानाही ब्रा अंगावर ठेवणारी, दोघींचंही आपापल्या जागी बरोबर आहे. खरेदी मात्र आपलं कारण ओळखूनच करावी.

सिलिकॉनच्या कव्हरचं काम एकच: कपड्यातून स्तनाग्राचा उठाव दिसू न देणं. आधार ते देत नाही, उचलूनही धरत नाही. आधाराच्या अपेक्षेने घेतलं तर निराशाच होईल. पट्ट्याचा जाच नको पण उठाव दिसण्याचा संकोच वाटतो, अशा बाईसाठी मात्र ही चीज खरोखर उपयोगी आहे.

पहिली चूक होते ती मापात. स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाची रुंदी मोजा आणि त्यात किमान ३ सेंमी मिळवा. वर्तुळ ४ सेंमी असेल तर कव्हर निदान ७ सेंमीचं हवं, म्हणजे बाजारात सहज मिळणाऱ्या मापांपैकी ८ सेंमीचं. लहान कव्हरची कड त्या गडद त्वचेवरच येते. ती त्वचा खडबडीत असते, थंडीत आकसते, त्यामुळे कड तिथूनच सुटायला लागते. कडेवरून बोट फिरवून पाहा. बोटाला पायरी लागली तर पातळ टी-शर्टमधून गोल रेघ दिसणारच. पृष्ठभाग चकचकीत नको, मॅट हवा. रंग आपल्या त्वचेच्या जवळचा घ्या. पांढऱ्या शर्टाखाली पांढरं कव्हर उलट जास्त उठून दिसतं.

लावण्याआधी त्वचा धुऊन पूर्ण कोरडी करा. लोशन, तेल, पावडर, सनस्क्रीन यांतलं काहीही लावलेलं नको. गरम पाण्याने अंघोळ केल्यावर काही वेळ घाम येत राहतो, म्हणून अंग निवेपर्यंत थांबा. थोडं पुढे वाका, कव्हर उलटं वळवून त्याचा मध्य स्तनाग्रावर टेकवा आणि कडा बाहेरच्या दिशेने सोडत जा. मग तळहाताने १०-१५ सेकंद दाबून धरा, अंगाच्या उबेने चिकटपणा चांगला बसतो. आत हवेचा फुगा राहिला तर काढून पुन्हा लावा, कारण त्या पोकळीत घाम साचतो आणि कव्हर तिथूनच सुटतं.

सहा ते आठ तासांपेक्षा जास्त ठेवू नये. काढताना एका हाताने त्वचा धरून ठेवा आणि दुसऱ्या हाताने कडेपासून सावकाश सोडवा. ओढून काढलं तर त्वचा लाल होते, सोलवटूही शकते. नंतर कोमट पाणी आणि सौम्य साबणाचा एखादा थेंब घेऊन बोटाच्या टोकाने गोल गोल धुवा. ब्रश नको, सॅनिटायझर तर नकोच. टॉवेलने पुसलं तर तंतू चिकटून बसतात, म्हणून चिकट बाजू वर ठेवून हवेवर वाळवा आणि प्लास्टिकची पारदर्शक चकती परत लावून ठेवा. पाकिटावर कितीही वेळा वापरता येईल असं लिहिलेलं असो, धुऊन वाळवल्यावरही चिकटपणा परत येत नसेल तर ती जोडी संपली.

आधी दंडाच्या आतल्या बाजूला छोटा भाग काही तास लावून पाहा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत खाज किंवा लाली येते का ते बघा. स्तनाग्रांना चिरा पडल्या असतील, इसब असेल, नुकती शस्त्रक्रिया झाली असेल तर वापरूच नका. बिनचिकट कव्हरही मिळतात, पण ती घट्ट कपड्याच्या दाबानेच जागेवर राहतात. सैल शर्टात घसरून खाली येतात.

स्तन उचलून धरणारी टेप रोजच्या वापराची वस्तू नाही. स्तनाग्रावर आधी कापसाची चकती ठेवा, पट्टीची शेवटची ३-४ सेंमी न ताणता चिकटवा आणि काढताना तेल लावून जिरू द्या. टोकं ताणून लावली की तिथे फोड येतात.

रोजच्यासाठी आमची पसंती आतल्या पट्टीच्या कॅमिसोलला, म्हणजे बारीक बंदांच्या, आत स्तनांना धरणारी इलास्टिकची पट्टी शिवलेल्या बनियनला. कापड सुती किंवा मोडालचं (लाकडाच्या लगद्यापासूनचं मऊ कापड), ५ ते ८ टक्के इलास्टेन म्हणजे ताणला जाणारा धागा असलेलं घ्या. निव्वळ सुती कापड संध्याकाळपर्यंत सैल पडतं. घालून दोन्ही हात वर करा: खालचं इलास्टिक स्तनावर चढलं तर आतली पट्टी आखूड आहे. पॅड काढता येणारे असावेत, शिवलेले पॅड यंत्रात धुतल्यावर दुमडून बसतात. जड स्तनांना मात्र हा आधार अपुरा पडतो, खालच्या घडीत घाम साचतो. पळताना स्तन वर-खाली, आजूबाजूला आणि पुढे-मागे असे तिन्ही दिशांनी हलतात. त्यासाठी स्पोर्ट्स ब्राच हवी.

जाहिरातींतल्या आरोग्याच्या दाव्यांवर जाऊ नका. ब्राने स्तनांचा कर्करोग होतो ही भीती निराधार आहे. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांवरच्या २०१४ च्या अमेरिकी अभ्यासात कपचं माप, वायर, रोजचे तास यांपैकी कशाचाही संबंध आढळला नाही. ब्रा न घातल्याने स्तन ओघळतात, हेही सिद्ध झालेलं नाही. त्यामागे वय, गरोदरपणांची संख्या, वजन आणि धूम्रपान ही कारणं दिसतात.

काही विकत घेण्याआधी कपाट उघडा. जाड विणीचा, छापील किंवा छातीवर दोन खिसे असलेला शर्ट, नाहीतर गडद रंगाचं दुहेरी कापड अंगावर असेल तर कव्हरची गरजच पडत नाही. खिडकीकडे तोंड करून आरशात बघा, मग उजेड पाठीशी घेऊन बघा. दोन्ही वेळा काही दिसत नसेल तर तसंच निघा.