आकडा धुराचा की दमटपणाचा? अलिबागच्या हवेत अकरा महिने चाललेला हवामापक

हवामापकाच्या पेटीतला पंखा अकराव्या महिन्यात बंद पडला. आधी दोन आठवडे घरघर, मग पीएम2.5 चा (हवेतल्या अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांचा) आकडा 0 वर चिकटला. सर्व्हिस सेंटरचं उत्तर: समुद्राजवळ वापरलंत, गंज वॉरंटीत बसत नाही. खोक्यावर ‘आउटडोअर’ छापलंय. ते ‘आउटडोअर’ अलिबाग सोडून असावं.

वायफाय, ॲप, स्क्रीन वगैरे सगळं ठीक आहे, त्यावर शब्द खर्च करत नाही. खरी गोम दमटपणाची. यातला लेझर सेन्सर कणांवरून उधळणारा उजेड मोजतो, वजन नाही. मिठाचा कण 75 टक्क्यांच्या आसपास आर्द्रतेला पाणी ओढून थेंब होतो, आणि सेन्सरला तो थेंब म्हणजे मोठा कण वाटतो. सरकारी केंद्रांतल्या बीटा किरणांच्या यंत्रात आत येणारी हवा तापवून वाळवतात. या पेटीत तशी सोय नाही. त्यामुळे हिवाळ्यात पहाटे दव पडलं की ॲप लाल होतं आणि होमस्टेतले पाहुणे खिडक्या लावून बसतात.

त्यावर उपाय फुकटचा आहे. अमेरिकेच्या ईपीए या सरकारी पर्यावरण संस्थेचं सूत्र असं: 0.524 × रीडिंग − 0.0862 × आर्द्रता + 5.75. रीडिंग नोंदींतल्या ‘सीएफ=1’ असं नाव असलेल्या रकान्यातलं घ्यायचं. आर्द्रता पेटीतल्याच मापकाची घ्यायची, वेधशाळेची नाही. पेटी आतून गरम असते, त्यामुळे तिची आर्द्रता बाहेरच्यापेक्षा बरीच कमी दिसते, आणि सूत्र तो फरक धरूनच बसवलंय. समजा रीडिंग 96 (घनमीटरला मायक्रोग्रॅम) आणि आर्द्रता 70 टक्के दिसतंय, तर उत्तर साधारण 50. म्हणजे आपल्या निकषांत ‘खराब’वरून थेट ‘समाधानकारक’. शिवाय हे गट 24 तासांच्या सरासरीचे आहेत (आपली मर्यादा 60), आणि ॲप मिनिटाच्या आकड्याला रंग फासतं. सूत्र अमेरिकेतल्या नोंदींवरचं आहे, कोकणातल्या नव्हे, आणि गच्च धुक्यात तेही कमी पडतं.

फेब्रुवारीपर्यंत मत असं होतं की पहाटेचा आकडा सरळ विसरावा. मग राब भाजायला (पेरणीआधी शेतात पालापाचोळा पसरून जाळायला) सुरुवात झाली आणि मत बदलावं लागलं. शाळेत घोकलेले खारे-मतलई वारे इथे कामाला येतात. रात्री वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. शेतातल्या राबाचा, बंबांचा, जाळलेल्या कचऱ्याचा धूर तो किनाऱ्यावर आणून सोडतो, आणि थंडीत हवेचा थर खाली दबलेला असल्यामुळे तो तिथेच साचतो. अकरा-बाराला खारा वारा सुटला की हवा धुऊन निघते. तेव्हा ओळख अशी: ऊन चढून आर्द्रता उतरली की आकडाही तिच्याबरोबर उतरला, तर तो दमटपणा. आर्द्रता उतरूनही वारा फिरेपर्यंत आकडा तसाच राहिला, तर धूर. पीएम1 चा (एक मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा) आकडा पीएम2.5 च्या जवळ असेल तर धुराचा संशय आणखी पक्का. अशा दिवशी समुद्रावर फिरायला पहाटे नाही, संध्याकाळी जावं. पहाटेची हवा शुद्ध, ही समजूत या महिन्यांत किनाऱ्यावर तरी चालत नाही.

पीएम10 चा आकडा मात्र कायमचा विसरा. जाडी धूळ या सेन्सरला जवळजवळ दिसत नाही, तो आकडा अंदाजाने भरलेला असतो. 23 जानेवारी 2022 ला मुंबईवर पाकिस्तानच्या बाजूने धूळ आली होती. तसल्या दिवशी ही पेटी निर्धास्त हिरवी राहू शकते.

आता पंख्याचं. जाळीवर मिठाची पांढरी पूड दिसली की पेटी बंद करून कॅमेऱ्याच्या रबरी ब्लोअरने फुंकायची. कॉम्प्रेसरची हवा नको, पाती तुटतात. पिनांवर हिरवट गंज असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीने लावा, पण लेझरच्या खाचेत काडी घालू नका. आकडा रात्रंदिवस एकसारखा चढा असेल तर आधी आत कोळ्याचं जाळं बघा. पेटी वळचणीखाली, तोंड जमिनीकडे, स्वयंपाकघरापासून लांब, समुद्राच्या विरुद्ध भिंतीवर लावा. वायर खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे पाणी झोळातून ठिबकतं, सॉकेटमध्ये उतरत नाही. सेटिंगमध्ये ‘सतत’ काढून दर दहा मिनिटांनी मोजणी ठेवा. जागं झाल्यावर पहिले 30 सेकंद सेन्सर स्थिर नसतो, ते रीडिंग टाकून द्यायचं. लेझर आणि पंखा दोघांचंही आयुष्य वाढतं. हे माहितीपुस्तिकेत कुठेच नाही, आणि त्याचाच राग जास्त आहे.

जून ते सप्टेंबर पेटी सिलिका जेलसकट हवाबंद डब्यात. पावसाने हवा धुतलेली असते आणि आर्द्रता दिवसभर चढी, मग मोजायचं काय?

कंपनी पूर्ण पेटीच बदलायला सांगते. त्याऐवजी सुटा सेन्सर मागवा, कितीतरी स्वस्त पडतो. मागवण्याआधी जुना उघडून कनेक्टर बघा: आठ पिना, दोन पिनांत 1.25 मिमी अंतर. दिसायला तसाच पण वेगळ्या पिनांचा सेन्सरही बाजारात मिळतो आणि तो बसत नाही.