बुल्टाको शेर्पा टी: कारखान्याने हातचं राखलं नाही

ट्रायल्ससाठी, म्हणजे दगडधोंड्यांतून पाय न टेकवता मोटरसायकल चालवायच्या स्पर्धेसाठी, जुनी ट्विनशॉक (मागे दोन शॉक अ‍ॅब्सॉर्बर असलेली) गाडी घ्यायची असेल तर माझं मत बुल्टाको या स्पॅनिश कंपनीच्या शेर्पा टीलाच. माझ्याकडची १९७०च्या आसपासची आहे. २४४ सीसी, टू-स्ट्रोक, पाच गिअर.

१९६४ पर्यंत ट्रायल्स म्हणजे बहुतांशी जड ब्रिटिश फोर-स्ट्रोक. सॅमी मिलर हा ट्रायल्सचा नावाजलेला स्वार ५०० सीसीच्या ब्रिटिश एरियलवर जिंकत सुटला होता, तरी तो ती सोडून बार्सेलोनाला बुल्टाकोचे संस्थापक बुल्टो यांच्याकडे गेला. दगडधोंड्यांत गाडी घालायची, अडेल तिथे फ्रेम बदलायची, इंजिनाचा जोर कमी फेऱ्यांवर (आरपीएमवर) आणायचा, पुन्हा घालायची. बारा दिवसांत प्रोटोटाइप उभी राहिली. १९६५ मध्ये त्याने बुल्टाकोवर स्कॉटिश सिक्स डेज ही सहा दिवसांची ट्रायल्स स्पर्धा जिंकली. परदेशी गाडीने ती जिंकायची ही पहिलीच वेळ.

पण मला जास्त मोल वाटतं ते यानंतरच्या गोष्टीचं. मिलरच्या हाताखाली जे घडलं ते गिऱ्हाइकाच्या गाडीतही उतरलं. हे दर वेळी होत नाही. यामाहाने आपला स्वार मिक अँड्र्यूजसाठी मोनोशॉक (मागे एकच शॉक असलेली) प्रोटोटाइप सत्तरच्या दशकातच केली होती, पण दुकानात यामाहाची मोनोशॉक ट्रायल्स गाडी, टीवाय, यायला ऐंशीचं दशक उजाडलं. एडी लेजूनने १९८२ ते १९८४ सलग तीन ट्रायल्स जगज्जेतेपदं ज्या गाडीवर मिळवली, ती होंडाची ३६० सीसी फोर-स्ट्रोक तर कारखान्याकडेच राहिली, गिऱ्हाइकाला मिळाली नाही.

शेर्पाचं मर्म ओढ्यात कळतं. दुसरा गिअर, क्लच पूर्ण सोडलेला, थ्रॉटल जवळजवळ बंद, आणि पुढे शेवाळलेला गोटा. इतक्या खाली साधी टू-स्ट्रोक दोन गचके देऊन बंद पडते. इथे जड फ्लायव्हील (इंजिनाची गती टिकवणारं चाक) फिरत राहतं, इंजिनाचे ठोके एकेक मोजता येतात. थ्रॉटल केसभर उघडला की पुढचं चाक गोट्यावर चढतं आणि मागचं टायर न घसरता, दगड धरून मागोमाग येतं. पाय टेकवायची वेळच येत नाही, आणि ट्रायल्समध्ये सगळा हिशेब पायाचाच, टेकला की गुण जातात. वजन नव्वद-एक किलो, त्यामुळे चुकलंच तर एकट्याने सावरता येते.

ब्रेक ड्रमचे आहेत. ओले झाले की उतारावर भरवसा ठेवू नका. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्याला, किकही डावीकडे. आठवडाभर गोंधळ होतो, मग पाय आपोआप जातो. मागचं चाक उचलून जागच्या जागी वळवायची हल्लीची तऱ्हा या गाडीवर करू नये. तिला वळण मोठं द्या, ती अचूक घेते.

विकत घेताना टाकी आधी बघा. टाकी आणि सीट फायबरग्लासच्या एकाच तुकड्यात आहेत आणि इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुनं फायबरग्लास आतून नरम पडतं. सुटलेला चिकट थर कार्ब्युरेटरमध्ये जाऊन बसतो. झाकण उघडून आत बोट फिरवा. चिकट लागलं तर किंमत पाडून घ्या आणि अ‍ॅल्युमिनियमची टाकी बसवा. बाकीचे बहुतेक सुटे भाग आजही नव्याने बनतात.