‘सीपी सागवान, ७१० प्लाय’ : फिश टँकच्या स्टँडमध्ये झालेली फसवणूक

परभणीतल्या एका घरातला हा स्टँड. टाकी ४ × २ × २ फुटांची, काच १२ मिमी. तिसऱ्या महिन्यात खालच्या कपाटाचं उजवं दार चौकटीला घासायला लागलं. पावसाळ्यात लाकूड फुगतंच, असं म्हणून मिस्त्रीने दाराला रंधा मारून दिला. महिन्याभरात दार पुन्हा घासलं. तेव्हा कुणीतरी टाकीला टेप लावला: पाणी डावीकडे काठापासून ५० मिमी खाली, उजवीकडे ४३. टाकी रिकामी करून स्टँड खोलला, तर पैसे सीपी सागवान आणि मरीन प्लायचे (पाण्यात टिकणारा, आयएस ७१० चा) मोजलेले आणि आत दोन्हींपैकी एकही नाही.

आधी वजनाचा हिशेब. एका घनफुटात २८.३ लिटर पाणी मावतं. वर दोन इंच मोकळे सोडले तरी या टाकीत ४१५ किलो पाणी, काच ९० किलोच्या आसपास, वाळू-दगड ५० किलो. साडेपाचशे किलो झाले, आणि हा भार रात्रंदिवस जागचा हलत नाही. सततच्या भाराखाली लाकूड हळूहळू वाकत जातं. दिवाणाच्या लाकडात खपून जाणारी लबाडी टाकीखाली म्हणूनच खपत नाही.

वखारीत भाव घनफुटावर असतो: रुंदी इंचात, जाडी इंचात, लांबी फुटांत, तिन्हींचा गुणाकार भागिले १४४. या स्टँडला ४ × २ इंचांची ४७ फूट पट्टी लागते, म्हणजे २.६ घनफूट. पैसे तेवढ्याचेच घेतले. रंधा मारल्यावर प्रत्येक बाजूने थोडं जातं, पावणेचार बाय पावणेदोन निघालं तर तक्रार नाही. इथे निघालं साडेतीन बाय दीड, म्हणजे १.७ घनफूट. एक तृतीयांश लाकूड आलंच नाही. नुकसान मात्र एक तृतीयांशावर थांबत नाही. उभ्या धारेवर ठेवलेल्या पट्टीचा ताठपणा उंचीच्या घनाने बदलतो, त्यामुळे साडेतीन बाय दीडची पट्टी पुऱ्या चार बाय दोनच्या तुलनेत निम्मीच ताठ. अर्धा इंच गेला म्हणून काय बिघडलं, असं वखारवाला म्हणतो तेव्हा हे लक्षात असू द्या.

सीपी म्हणजे जुन्या मध्य प्रांताचं, बल्लारशाहकडचं सागवान. मराठवाड्यात सागाचं जंगल म्हणावं तर किनवटकडे, म्हणून कुणी ‘किनवटचा माल’ म्हणूनही गळ्यात मारतो. या स्टँडमध्ये वरून सागाचा रंग होता, आत पांढरट, हलकं लाकूड. कापलेल्या टोकावर पटाशीने एक सालपट काढलं की कळतं: रंग मिलिमीटरभर आत जाऊन संपतो. खऱ्या सागाचं सालपट आतपर्यंत सोनेरी-तपकिरी, बोटांना किंचित तेलकट, वास जुन्या चामड्यासारखा. खऱ्या सागातही बाहेरचा पांढरा भाग देऊन टाकतात, आणि वाळवी तिथेच आधी लागते. खरं तर या कामाला साग लागतोच असं नाही. पुऱ्या मापाचं, सरळ, वाळलेलं पाइनसुद्धा पुरतं. वाळलेलं हे महत्त्वाचं. श्रावणात घेतलेली ओली पट्टी आपल्याकडच्या वैशाखात आकसते आणि सांधे ढिले पडतात. मॉइश्चर मीटर टोचून आकडा १२ टक्क्यांच्या वर दिसला तर माल तिथेच ठेवून या.

प्लायमधली चलाखी जास्त बेमालूम. दुकानदार म्हणाला, ‘सनमायका आणि धारेची पट्टी आमच्याकडेच लावून देतो, वेगळे पैसे नकोत.’ फुकटातलं म्हणून घरच्यांना बरं वाटलं. पण प्लायची ओळख धारेवर असते, आणि धार झाकली की गिऱ्हाईक आंधळं. खालच्या कपाटात ठेवलेल्या कॅनिस्टर फिल्टरच्या पाइपातून थेंब-थेंब पाणी पडून खालचा कोपरा फुगला होता. तिथली पट्टी उचकटली तर मधल्या थरांत बोट जाईल एवढी पोकळी आणि तिच्यात भुशाची लुकण भरलेली. व्हर्नियरवर १९ मिमीचा प्लाय १६.८ भरला. मागच्या बाजूला शिक्का होता, त्यात ७१० होतं, ब्रँडचं नाव होतं, आयएसआयचं चिन्हही होतं. सीएम/एल नंबर तेवढा नव्हता. खऱ्या शिक्क्यात चिन्हाच्या वर आयएस (भारतीय मानकाचा) नंबर आणि खाली सीएम/एलचा परवाना नंबर असतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की कंपनी आणि माल दोन्ही दिसतात.

आयएस ७१० च्या प्लायने ७२ तास उकळून टिकायचं असतं, आयएस ३०३ च्या बीडब्ल्यूआरने (उकळत्या पाण्याला टिकणारा) ८ तास. साध्या एमआर प्लायची (फक्त ओलाव्याला टिकणारा) कसोटी ६० अंशांच्या पाण्यात ३ तास, बस. घरी करायचं तर दोन इंचाचा तुकडा पातेल्यात ८ तास उकळू द्या. या स्टँडमधल्या तुकड्याचे थर तासाभरात सुटले, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखे. तुकडा विकत घ्यायच्या शीटमधूनच, समोर कापून घ्यायचा. काउंटरवर ठेवलेला नमुना नेहमीच अस्सल असतो.

बांधणीही कच्ची. वरच्या आडव्या पट्ट्या खांबांच्या बाहेरून काळ्या जिप्सम स्क्रूंवर टांगलेल्या. हे स्क्रू कडक आणि ठिसूळ, वाकायच्या आधी तुटतात. दोन स्क्रूंची डोकी उडालेली होती. स्क्रूने लाकूड धरून ठेवायचं, भार लाकडाने लाकडावर द्यायचा. ३० इंच उंचीच्या स्टँडला २२ इंचाचे सहा खांब, चार कोपऱ्यांत आणि दोन मधोमध, वरच्या-खालच्या चौकटींच्या बरोबर मध्ये उभे करायचे. वर ४, खाली ४, मिळून ३०. स्क्रू एसएस ३०४ चे (स्टेनलेस स्टील), आधी ३ मिमीचं भोक पाडून, सोबत वॉटरप्रूफ फेव्हिकॉल. मागे १२ मिमीचा प्लाय पूर्ण ठोकला नाही तर स्टँड आडवा डुलतो.

दुकानदाराकडे गेल्यावर उत्तर मिळालं: ‘साहेब, मी स्टँड विकला, प्लाय नाही.’ बिलावर लिहिलेलं होतं ‘लाकडी स्टँड, १ नग’. ७१०, सागवान, १९ मिमी हे सगळं तोंडी. जीएसटी बिलावर प्लायचा ब्रँड, आयएस नंबर, जाडी, लाकडाची जात आणि रंध्यानंतरचं माप लिहून घेतलेलं असतं तर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर किंवा जिल्हा ग्राहक आयोगात दाखवायला काहीतरी हातात राहिलं असतं. आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षांची.

उरलेलं काम फरशीचं. शहाबादी फरशी क्वचितच सपाट असते. पाचर द्यायची ती स्टँडच्या खालच्या चौकटीखाली, टाकीच्या काचेखाली कधीच नाही. काचेखाली एकसंध थर्माकोल. पाणी चौथाई-चौथाई भरायचं, प्रत्येक वेळी रात्रभर थांबून चारही कोपऱ्यांत काठापासून पाण्यापर्यंत टेप लावायचा. आकडे पहिल्या चौथाईलाच वेगळे आले तर पाणी काढून पाचर बदला. आधी जुळलेले आकडे नंतर फिरायला लागले, तर मासे सोडायच्या आधी स्टँड खोला.