व्हेंटिलेटरवरच्या लेकीसाठी मेश नेब्युलायझर: एक पावसाळा आणि एक हिवाळा काढल्यानंतर

माझ्या लेकीला एसएमए टाइप १ आहे, म्हणजे स्नायू कमजोर करत जाणारा जन्मजात जनुकीय आजार. गळ्यात ट्रॅकची (श्वासनलिकेत थेट बसवलेली) ट्यूब, घरीच व्हेंटिलेटर आणि दिवसातून तीन-चार वेळा नेब, म्हणजे नेब्युलायझरने औषधाचं धुकं करून श्वासातून देणं. आधी आमच्याकडे घरोघरी असतो तोच कॉम्प्रेसरवाला जेट नेब्युलायझर होता. आता व्हेंटच्या सर्किटमध्ये, म्हणजे व्हेंटपासून मुलापर्यंतच्या नळीत, बसणारा व्हायब्रेटिंग मेश (कंप पावणाऱ्या जाळीचा नेब्युलायझर) वापरतो. पुण्याचा पावसाळा आणि त्यामागचा हिवाळा, दोन्ही त्याच्यावर निघाले, म्हणून आता लिहिते आहे.

हे यंत्र महाग आहे. साधा कॉम्प्रेसर दोन-अडीच हजारांत येतो, त्या पैशांत याचं नावही काढता येत नाही. तरी मी घ्याच म्हणेन. व्हेंटवरच्या मुलाचा नेब्युलायझर निवडताना औषधाचा धूर किती निघतो एवढंच बघून भागत नाही. तो व्हेंटच्या कामात किती ढवळाढवळ करतो, ते आधी बघायला हवं.

जेट चालवायला मिनिटाला साधारण सहा ते आठ लिटर हवा लागते आणि ती सगळी सर्किटमध्ये शिरते. माझ्या लेकीचा स्वतःचा श्वास इतका क्षीण आहे की व्हेंटला तो जेमतेम कळतो. वरून ही जादा हवा आली की तेवढाही कळत नाही. ती श्वास घ्यायला बघते आणि मशीन साथ देत नाही. तिला बोलता येत नाही, पण भुवया वर जातात, नाकपुड्या फुलतात, आणि आईला ते कळतं. टायडल व्हॉल्यूमचे, म्हणजे एका श्वासात किती हवा गेली त्याचे आकडे तेवढा वेळ भरवशाचे राहत नाहीत. शिवाय या जादा हवेमुळे सर्किट सुटल्याचा अलार्म दबू शकतो, याची मला सगळ्यात जास्त धास्ती होती. मेशमध्ये हवा लागतच नाही. बारीक भोकांची जाळी कंप पावते आणि औषधाचं धुकं होतं. मेश लावल्यापासून नेबच्या वेळी उगाच वाजणारे अलार्म थांबले. शिवाय आवाज नाही. पहाटेचा डोस ती झोपेतच घेते.

एक गोष्ट मात्र विकणारा सांगत नाही. जेटच्या कपात तळाला एखादा मिली औषध उरतंच, मेशमध्ये जवळजवळ काही उरत नाही. म्हणजे तीच अडीच मिलीची रेस्प्यूल (औषधाची एका डोसची छोटी कुपी) टाकली तरी मुलाच्या छातीत जास्त औषध जाऊ शकतं. आमच्याकडे साल्ब्युटामॉलनंतर (श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध) तिची नाडी पूर्वीपेक्षा बरीच वर जायला लागली. ऑक्सिमीटरवरचे आकडे डॉक्टरांना पाठवले, त्यांनी डोस कमी केला आणि नाडी जागेवर आली. त्यामुळे यंत्र बदलण्याआधीच डोसबद्दल डॉक्टरांशी बोला. पहिले काही दिवस नेबच्या आधीची आणि नंतरची नाडी लिहून ठेवा.

आता जागा. आमचं सर्किट एकाच नळीचं आहे, उच्छ्वासाची हवा बाहेर जायचं भोक नळीच्या टोकाला. मेश त्या भोकाच्या अलीकडे, म्हणजे भोक आणि मूल यांच्या मध्ये लावायला आम्हाला शिकवलं. भोकाच्या पलीकडे लावलात तर औषध मुलापर्यंत पोचायच्या आत बरंचसं खोलीत जातं. पण गळ्याजवळ लावल्याने टी-पीसचं, म्हणजे मेश नळीत बसवायच्या टी आकाराच्या जोडाचं, वजन ट्यूबवर येतं. आम्ही नॅपकिनची गुंडाळी करून छातीवर ठेवतो आणि टी-पीस तिच्यावर टेकवतो. कप सरळ उभाच हवा. नेब झालं की टी-पीस काढून टाकतो, कारण लहान मुलाच्या श्वासात तेवढी जादा पोकळीही नको. तुमचं सर्किट दोन नळ्यांचं असेल तर जागा वेगळी, ती तुमच्या थेरपिस्टकडूनच ठरवून घ्या.

दिवसा ती खुर्चीत असते तेव्हा एचएमई फिल्टर असतो, तो उच्छ्वासातली ऊब आणि ओलावा धरून ठेवतो. नेबआधी तो काढायचाच, नाहीतर सगळं औषध त्यातच अडकतं. आणि झाल्यावर परत लावायचा. रात्रीच्या ह्युमिडिफायरबद्दल (व्हेंटची हवा ओलसर करणारं यंत्र) डॉक्टरांनी सांगितलं, चालूच ठेवा. थोडं औषध कमी पोचेल, पण बंद केलेला परत सुरू करायचा राहून गेला तर कफ सुकून ट्यूब चोंदेल. आमच्या सिस्टर दर काही महिन्यांनी बदलतात, म्हणून हे सगळं पलंगाशेजारी भिंतीवर मोठ्या अक्षरात लावलंय. क्रमही तिथेच लिहिलाय: सक्शन (ट्यूबमधला कफ मशीनने ओढून काढणं), साल्ब्युटामॉल, मग तीन टक्क्यांचं सलाइन, मग छातीचा व्यायाम, कफ असिस्ट (खोकल्यासारखा झटका देऊन कफ वर आणणारं मशीन) आणि पुन्हा सक्शन, शेवटी ब्यूडेसोनाइड (सूज कमी करणारं स्टेरॉइड). ब्यूडेसोनाइड आधी दिलं तर पाठोपाठच्या सक्शनमध्ये त्यातलं बरंच कफाबरोबर बाहेर येतं.

खरी कटकट जाळीची. ती चोंदते, आणि ब्यूडेसोनाइडने लवकर चोंदते, कारण ते विरघळलेलं नसतं, त्यात बारीक कण तरंगत असतात. चांगल्या जाळीचं धुकं पांढरं आणि दाट असतं, प्रत्येक श्वासाबरोबर टी-पीसमधून गळ्याकडे ओढलं जाताना दिसतं. चोंदायला लागली की ते विरळ होतं, मध्येच तुटतं, आणि सात-आठ मिनिटांचं नेब वीस मिनिटांवर जातं. आम्ही प्रत्येक डोसनंतर डिस्टिल्ड वॉटरचे थोडे थेंब कपात घालून चालवतो. नळाचं किंवा टँकरचं पाणी जाळीला लावत नाही. कापूस, ब्रश, बोट, काहीही जाळीला लागू देत नाही. तरी जाळी शेवटी संपणारच, तो चालू खर्च आहे आणि तो धरूनच हिशेब करा. आमची एक जाळी मुदतीच्या बरीच आधी बंद पडली. बदलून मिळायला इतके दिवस लागले की तेव्हापासून एक जादा कपाटात ठेवतेच.

म्हणूनच जुना कॉम्प्रेसर टाकलेला नाही. शिवाय साल्ब्युटामॉलचा पंप (इनहेलर) आणि तो सर्किटमध्ये बसवायचा अडॅप्टर अंबू बॅगेच्याच (हाताने दाबून श्वास द्यायचा फुगा) पिशवीत असतो. पंप हलवायचा, व्हेंटचा श्वास सुरू होताना दाबायचा, पुढचा पफ थोडा थांबून. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते तेव्हा इन्व्हर्टरचा भार व्हेंट, ह्युमिडिफायर आणि सक्शनलाच राखून ठेवलेला बरा. मेशचा कंट्रोलर बॅटरीवरही चालतो, तोही मोठा आधार झाला.

घ्यायला गेलात तर मास्कने ओढायचा हातातला छोटा मेश घेऊन तो टेप लावून सर्किटला जोडायच्या फंदात पडू नका. सर्किटच्या दाबाला तो बनवलेला नसतो, हवा गळते. तुमच्या सर्किटचा व्यास मोजून न्या, मोठ्यांचं बहुधा २२ मिमी असतं, लहान मुलांचं १५ किंवा त्याहून बारीक. दुकानात टी-पीस स्वतःच्या नळीला लावून बघा, घट्ट बसला तरच पैसे द्या.